मिनिटाला तीस पिशव्या

"तुला शिकवलं कोणी ते? नाव सांग. मी एकदाच विचारतोय," दीर म्हणाला. संध्याकाळपासून हे त्यानं चौथ्यांदा विचारलं होतं, त्यामुळे 'एकदाच' ऐकून सासूबाईंनीही मान वर केली.

धाकटी जाऊ खाटेच्या कडेला बसली होती. मांडीवर उशी, उशीवर उजवा हात, हाताला मनगटापासून पुढे पांढरं बँडेज. तर्जनीचं वरचं पेर गेलं होतं आणि मधलं बोट भाजलं होतं. आपल्या नवऱ्याकडे न बघता ती बँडेजची सुटलेली दशी डाव्या हातानं आत खोचत राहिली.

"जाऊ दे रे," थोरला भाऊ म्हणाला. तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कुणाचातरी मिक्सर उघडून बसला होता. पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करायचं त्याचं छोटंसं दुकान होतं आणि दुकानात न आटपलेलं काम घरी यायचं. "झालं ते झालं. जखम भरू दे आधी."

"दादा, तू बोलूच नको. तुझ्या बायकोची बोटं जागच्या जागी आहेत."

ती बायको ओट्याशी उभी राहून कोबी चिरत होती. तिची सुरी थांबली नाही. थांबली असती तर सगळ्यांना कळलं असतं, असं तिला वाटलं.

"त्यांच्या साहेबानं मला उभं करून सांगितलं," दीर म्हणाला. "म्हणे हिनं दाराला चुंबक लावून मशीनला फसवलं. स्वतःच्या डोक्यानं. त्यामुळे भरपाईचं विसरा. अरे, हिला गॅस पेटवायला दोन काड्या लागतात, आणि ही मशीनला फसवणार?"

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. "एवढं डोकं असतं तर तुझ्याशी लग्न केलं असतं का हिनं?"

कोणी हसलं नाही. धाकटीच्या ओठाची कड तेवढी हलली.

"वहिनी, तुम्ही तर लाइनच्या प्रमुख. तुमच्या डोळ्यांसमोर झालं सगळं. तुम्ही तरी सांगा, कोणी शिकवलं हिला?"

"कोबीत मिरची किती घालू ते सांगा आधी. काल तिखट झाली म्हणून ताट सरकवलंत."

"घाला कितीही," दीर वैतागून म्हणाला आणि पुन्हा आपल्या बायकोकडे वळला.

एवढ्यावर तिची सुटका झाली. ती कढईत तेल ओतायला लागली. ओतताना तिला दिसलं की नवऱ्याच्या हातातला पेचकस थांबलाय आणि तो तिच्याकडे बघतोय. चुंबक तिचंच होतं. त्याच्या दुकानातून आलेलं होतं. हे तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि धाकटीलाही माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं तोच ओरडत होता.

भाज्या पिशव्यांत भरून पाठवायच्या त्या पॅकहाऊसमध्ये तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेचं तोंड तिनं सातवीपर्यंतच पाहिलं होतं, पण नाव तिनं कमावलेलं होतं. सव्विसाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा सगळं हातानं व्हायचं. पट्ट्यावरून गाजरं यायची, बायका ती पिशवीत भरायच्या, काट्यावर ठेवायच्या, एक काढायच्या, एक घालायच्या आणि तोंड बांधून पुढे ढकलायच्या. मग एके दिवशी भिंतीचा तुकडा पाडून मशीन आत आणलं. ते बसवायला आलेला माणूस चार दिवस राहिला आणि चारही दिवस फक्त मेकॅनिकशी बोलला. ही जवळच खराटा घेऊन गाजराची पानं झाडत होती. एकाच जागेवरची पानं तिनं चार दिवस झाडली. महिन्याभरात मेकॅनिकला दुसरीकडे बरा पगार मिळाला, तो गेला, आणि मशीन कुठलं बटण दाबल्यावर काय करतं हे जाणणारी एकटी हीच उरली.

मग तिनं एकेकीला शिकवलं. वर चौदा वाट्या गोल लटकलेल्या असतात. प्रत्येकीत थोडा थोडा माल पडतो. कोणत्या तिघींचा मिळून बरोबर अर्धा किलो होतो हे त्या मनातल्या मनात ठरवतात आणि त्या तिघीच तळ उघडतात. "तीन बायकांचं एवढं एकमत आमच्या घरी कधी व्हायचं?" असं प्रत्येक नवी बाई विचारायची आणि मास्तरीणबाई प्रत्येक वेळी नव्यानं हसायची. खाली प्लास्टिकच्या रोलची नळी होत येते, माल त्या नळीत पडतो, आणि जबडा मिटतो. जबडा म्हणजे दोन तापलेल्या पट्ट्या आणि मध्ये पातं. एका दमात खालच्या पिशवीचं तोंड चिकटतं, वरच्या पिशवीचा तळ चिकटतो आणि मध्ये कापलं जातं. मिनिटाला तीस पिशव्या.

जबड्यासमोर पारदर्शक दार होतं. ते उघडलं की मशीन जागच्या जागी थांबायचं. बोटं वाचावीत म्हणूनच ते होतं, आणि गाजरं असली की त्याचा कुणाला त्रास नव्हता. खरी डोकेदुखी फरसबीची. एखादी शेंग नेमकी आडवी पडायची, जबड्यात अडकायची आणि पिशवीचं तोंड उघडंच राहायचं. दार उघडून शेंग काढायची, दार लावायचं, पट्ट्या पुन्हा तापायची वाट बघायची. त्यानंतरच्या सहा-सात पिशव्या अर्धवट चिकटलेल्या निघायच्या, त्या फोडून माल परत वर टाकायचा. हे एका पाळीत वीस वेळा. बाहेर ट्रक उभा, आत मॅनेजर घड्याळाकडे बघत उभा आणि बायका तासभर उशिरा घरी.

दाराच्या कडेला एक बोटभर पांढरी पट्टी होती आणि तिच्यासमोर चौकटीवर तिची जोडीदारीण. दोघी समोरासमोर आल्या की मशीनला वाटायचं दार बंद आहे. मास्तरीणबाईनं बघून बघून ते ताडलं आणि एका संध्याकाळी नवऱ्याकडे चुंबक मागितलं.

"कशाला?"

"फ्रीजवर कागद लावायला."

"आपल्याकडे फ्रीज कुठाय?"

"कामावरच्या."

त्यानं एका मोडक्या स्पीकरमधून चुंबक काढून दिलं. पुढे काही विचारलं नाही. संसारात न विचारण्याचं त्याचं कसब मोठं होतं.

चौकटीवर ते चुंबक बसलं आणि दार सताड उघडं असतानाही मशीन सुखानं चालायला लागलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला. त्यानं चुंबक बघितलं, भरलेल्या क्रेटची रांग बघितली आणि "छान चाललंय" म्हणून निघून गेला. पुढे कोणी तपासायला येणार असलं की अर्धा तास आधी त्याचा फोन यायचा, "जरा साफसफाई करून घ्या." की चुंबक एप्रनच्या खिशात. असं हळूहळू चारही मशीनवर झालं.

आडदांडपणे मात्र तिनं कुणाला हात घालू दिला नाही. तिचा नियम होता. पिशवी खाली पडली की 'एक' म्हणायचं, 'दोन' म्हणता म्हणता शेंग ओढून हात बाहेर. 'तीन' म्हणायची वेळ आली तर चूक झाली. नव्या बाईला ती आठवडाभर नुसती मोजायला लावायची, हात पाठीमागे बांधून. मशीनचा वेग कधी वाढवला तर ती लाइनच्या टोकापासून मोठ्यानं आकडा ओरडायची, म्हणजे सगळ्या जणी आपापली मोजणी आवरती घेत. आठ वर्षांत एकीलाही ओरखडा आला नव्हता. त्याचा तिला अभिमान होता. धाकटीला तिनंच कामावर लावलं होतं, तिनंच शिकवलं होतं, आणि "हिचा हात माझ्यासारखा आहे" असं चारचौघींत म्हणालीही होती.

शुक्रवारी मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावलं. अपघाताला सात दिवस झाले होते. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, मग एक टाइप केलेला कागद पुढे केला.

"वाचून घ्या. सोप्या भाषेत लिहिलंय."

सोप्या भाषेत लिहिलं होतं की वारंवार सूचना देऊनही सदर कामगार महिलेनं संरक्षक दार परस्पर निकामी केलं, आणि लाइनप्रमुखांना याची कल्पना नव्हती. खाली लाइनप्रमुखांच्या सहीसाठी टिंबं होती.

"सोमवारी कामगार कचेरीत कागद द्यायचे आहेत," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही तिच्या घरच्याच. घरच्या माणसानंच सही केली की पुढे कोणी खोदत बसत नाही."

"चुंबक तुम्ही बघितलं होतं, साहेब."

"मी रोज शंभर गोष्टी बघतो. तुम्ही काय काय केलं, तेही मला सगळं आठवत नाही. आठवायची गरज पडू नये, एवढंच." तो हसला. वाईट हसणारा माणूस नव्हता तो. बायकांच्या मुलांची नावं त्याला पाठ असत. "पुढच्या हॉलमध्ये जाळीच्या पिशव्यांचं मशीन येतंय. लिंबं, कांदे, बटाटे. तिथं प्रमुख कोण हे मी ठरवून ठेवलंय."

"आणि आमची धाकटी?"

"तिला आपण वाऱ्यावर नाही सोडणार. बरी झाली की लेबलं चिकटवायला येऊ दे."

"कुठल्या बोटानं?"

मॅनेजर पेनचं टोपण काढायला लागला, मग लावायला लागला. "सोमवारी सकाळी द्या," तो म्हणाला. "घाई नाही."

कागदाची घडी करून तिनं तो पाकिटात ठेवला. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण 'नाही' म्हणालेलोच नाही. नव्या हॉलमध्ये पंखे कुठे लावतील याचा विचारही तिच्या डोक्यात येऊन गेला होता. तिला स्वतःचीच किळस आली, पण विचार यायचा तो आलाच होता.

अपघात झाला त्याच दिवशी चारही मशीनवरची चुंबकं नाहीशी झाली होती. कुणी काढली, कुठे टाकली, कुणी बोललं नाही. दारं बंद, मशीन थांबायची, काम रखडायचं. बायका मुकाट्यानं उशिरा घरी जायच्या.

शनिवारी फरसबी आली. ओली, लांब, वाकडी. पहिल्या तासात मशीन सात वेळा थांबलं. आठव्या वेळी जबड्यापाशी उभी असलेली जाड भिंगांची बाई वळून म्हणाली, "मास्तरीणबाई, लावू का? फक्त फरसबी संपेपर्यंत. माझ्याकडे आहे एक."

"लाव," मास्तरीणबाई म्हणाली.

ती वजनाचा आकडा बघत होती. विचार करून बोललीच नाही; मूल हाक मारतं आणि आई 'ओ' देते तसं तोंडातून निघून गेलं. मग चुंबक चौकटीवर चिकटल्याची टक् ऐकू आली. दार उघडं राहिलं, मशीन चालू झालं, पिशवी पडली, आणि त्या बाईनं मोठ्यानं "एक" म्हणत हात आत घातला.

मास्तरीणबाईनं लाल बटणावर मूठ मारली.

सगळं थांबलं. वरच्या वाट्यांमधली एक तेवढी हलत राहिली. पंधरा बायका वळून बघायला लागल्या.

"काय झालं? बरोबरच मोजत होते की मी," ती बाई घाबरून म्हणाली.

"काढ ते."

"तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणाले. काढ आता."

"बाई, आज तब्येत बरी नाही का तुमची?" मागून कुणीतरी विचारलं. ती लाल बटणावरची मूठ तशीच ठेवून उभी राहिली. हात काढला तर आपण पुन्हा 'लाव' म्हणू, याची तिला खरोखर भीती वाटली.

दुपारी घरी आली तेव्हा धाकटी केस मोकळे सोडून कंगवा घेऊन बसली होती. आठ दिवस मास्तरीणबाईच तिची वेणी घालत होती. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, पुरुष कामावर होते. ती हात धुऊन मागे बसली.

"नाव घेतलं नाहीस माझं," ती म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"नाही."

"का?"

"तुमच्यावर उपकार म्हणून नाही, ताई." धाकटी समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होती. "माझा पगार बंद झाला. तुमचाही झाला तर दोघी घरात. हे कधी रंगकाम मिळालं तर जातात, भावजींचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. मग माझ्या पट्ट्या, औषधं कोण बघणार? तुम्ही तिथं राहिलात तर निदान या घरात मला दोन घास मानानं मिळतील. विचार केला मी. दवाखान्यातच केला."

"आणि रोजची बोलणी?"

"ती खातेच आहे की. फक्त तुम्ही ओट्याशी पाठ करून उभ्या राहता ना, तेव्हा राग येतो. वळून तरी बघत जा."

कंगवा गुंत्यात अडकला. मास्तरीणबाईनं गुंता बोटांनी सोडवला, हळूहळू, ओढ न बसू देता.

"एक विचारू?" थोड्या वेळानं धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज निराळा होता, लहान झालेला. "मी मोजण्यात कुठे चुकले? पिशवी पडली, मी 'एक' म्हटलं. हात घातला. 'दोन' अजून तोंडातच होतं. रोज पडल्या पडल्या तेच म्हणून बघते. दर वेळी बरोबर येतं. मग त्या दिवशीच कसं चुकलं?" तिच्या डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर पडत होतं. एक, दोन. एक, दोन.

मास्तरीणबाईचा हात केसांत थांबला.

चुंबकाचं पाप तिनं मनात कधीच कबूल केलं होतं. त्यात वाटेकरी पुष्कळ होते. हे दुसरं मात्र तिनं स्वतःशीही धड उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी पावणेबाराला ट्रकवाला आत येऊन हुज्जत घालायला लागला, "अजून किती वेळ, बाई? माझा माल काय इथंच म्हातारा व्हायचा?" ती त्याला तोंडभर सुनावत होती आणि सुनावता सुनावता एका बोटानं पडद्यावरचा वरचा बाण दाबत होती. सहा वेळा. तिसावरून छत्तीस. दर वेळी ती "छत्तीस!" म्हणून ओरडायची. त्या दिवशी तोंड ट्रकवाल्यात गुंतलं होतं. तीसची मोजणी हातात घेऊन धाकटी छत्तीसच्या जबड्यासमोर उभी होती.

"तू चुकली नाहीस," ती म्हणाली.

"मग?"

"तुझी मोजणी बरोबर होती."

धाकटी एकदम वळली. अर्धी वेणी मास्तरीणबाईच्या हातातून सुटली. पण तेवढ्यात दारात सासूबाई आल्या. "अजून वेणीच चाललीय? दोघींचं मिळून एक डोकं तरी विंचरून होतं की नाही दिवसात?" असं म्हणत त्या खाटेवर टेकल्या आणि शेजारणीच्या गुडघेदुखीचं सांगायला लागल्या.

रात्रीची जेवणं लवकर असत. दिवेलागणीला ताटं मांडली. दीर पहिला घास घेऊन म्हणाला, "आज मी वकिलाला विचारून आलो. तो म्हणाला, शिकवणाऱ्याचं नाव मिळालं तर काहीतरी होईल. आता तरी बोल गं. का त्या बाईनं तुला सोन्याच्या बांगड्या केल्यात?"

धाकटी डाव्या हातानं चमच्यानं भात खात होती. ती खातच राहिली.

"मी शिकवलं," मास्तरीणबाई म्हणाली.

ती या वेळी ओट्याशी नव्हती. ती ताटांसमोर उभी होती, हातात डाव, तोंड सगळ्यांकडे.

"चुंबक माझं. आठ वर्षांपूर्वी मीच लावलं. हिलाही मीच शिकवलं. त्या दिवशी मशीनचा वेग मी वाढवला आणि ओरडून सांगायचं ते सांगितलं नाही. हिची मोजणी बरोबर होती. जुन्या वेगाची होती, इतकंच."

दिराचा घास हातातच राहिला. "वहिनी... आठ दिवस?"

"आठ दिवस."

"आठ दिवस मी हिला... आणि तुम्ही तिथं उभं राहून भाज्या चिरत होतात?"

"हो."

त्याचे कान लाल झाले, तो अर्धवट उठला, पुन्हा बसला. सासूबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. धाकटीनं चमचा ताटात ठेवला. ती मोठ्या जावेकडे बघत होती, आणि त्या बघण्यात क्षमाबिमा काही नव्हती. आठ दिवस गुडघ्यावर पडणारं तिचं बोट आता मुठीत गेलं होतं.

"वेग?" तिनं विचारलं. "किती?"

"छत्तीस."

"आणि मला तुम्ही रोज वेणी घालत होतात."

मास्तरीणबाईनं हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"अगं, जरा शांतपणे विचार कर," नवरा म्हणाला. त्याची नजर ताटावर होती. "वकिलाला हे लिहून दिलंस की तो कागदच होऊन बसतो. तुझी नोकरी, ते नवं मशीन... उद्या रविवार आहे. सावकाश बोलू आपण."

"चुंबक कुठून आणलं हे मी लिहिणार नाही. तेवढं तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. मग पाकिटातला टाइप केलेला कागद काढून तिनं दिरापुढे ठेवला. टिंबांवर काही नव्हतं. "यावर मी सही करायची होती. केलेली नाही. वकिलाला दाखवा."

दिरानं कागदाला हात लावला नाही. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती रोज उद्याची भाजी कुठली ते सांगायची त्याच आवाजात बोलली.

"सोमवारी दहा वाजता मी कामगार कचेरीत जाणार आहे. चुंबक, छत्तीसचा वेग आणि साहेबांचे ते साफसफाईचे फोन, तिन्ही लिहून देणार आहे. हिला यायचं असेल तर हिनं यावं, नसेल तर मी एकटी जाईन. कामावर मला परत घेणार नाहीत, हे धरून चाला."